बिराप्पाचं धरलेलं काम

पटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडून द्या. कुणाला पटवत बसायचं त्राण आता माझ्यात राहिलेलं नाही. पण सांगते ते माझ्याच घरात घडलंय, माझ्याच नवऱ्याच्या बाबतीत. शपथेवर खरं आहे.

साल शहात्तर. आषाढ संपत आला होता. गाव सांगलीजवळचं माधवनगर. वेळ दिवेलागणीची.

मी लीलाबाई. बालवाडीत पोरं सांभाळते. माहेर-सासर दोन्ही दहिवडीकडचं. आमचे मालक फौजेच्या वर्कशॉपात फिटर होते. पेन्शनीवर आले आणि इथल्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला लागले. लोक त्यांना नानासो म्हणतात. मी काय म्हणते ते विचारू नका.

ह्या माणसाला दारू नाही, पत्ते नाहीत, तंबाखूसुद्धा नाही. नाद एकच. जुने व्हाईस.

व्हाईस म्हणजे टेबलाला बोल्टानं आवळलेला तो लोखंडी शेगडा. दांडी फिरवली की दोन जबडे मिटतात आणि काम घट्ट धरून ठेवतात. मग फिटर त्यावर कानस मारतो. मिरजेच्या भंगारातनं हे असले गंजके शेगडे उचलून आणायचे. सोड्याच्या पाण्यात उकळून जुना रंग काढायचा, रॉकेलात भिजत घालायचं, तारेच्या ब्रशनं घासायचं, आट्यांना ग्रीस लावायचं. मग हिरवा रंग. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ओळीनं मांडून ठेवलेले. विकायचा एक नाही.

"लोकांच्या घरात म्हशी असतात, आमच्याकडं व्हाईस," मी म्हणायचे. "धार तरी काढा एखाद्याची."

"अगं, हे विलायती बिडाचं हाय. आता असलं मिळत न्हाई."

"चुलीत गेलं तुमचं बीड!"

हसायचे. तवा हसायचे.

तर त्या आषाढात कुणीतरी सांगितलं, आटपाडीला एक लय जुना व्हाईस आहे. आम्ही दोघं एसटीनं गेलो. घर बिराप्पा नावाच्या माणसाचं. ऑइल इंजिनं दुरुस्त करायचा. मागच्या साली वारलेला. बायको बयाबाई, एकटीच.

व्हाईस पडवीत होता. अंगाला गंज, पण घडण अशी की ह्यांचे डोळेच चमकले. आणि जबड्यात एक लोखंडी तुकडा धरलेला होता. अर्धा घासलेला. दाराच्या खिट्टीसारखं काहीतरी.

बयाबाई म्हणाली, "न्या दादा. मला त्याच्याकडं बघवत न्हाई. कानस मारता मारताच गेलं ते. पर त्येंचं काम तेवढं धरलेलं ऱ्हाऊ द्या. सोडू नगा."

"न्हाई सोडत, वैनी," हे म्हणाले.

कारखान्यात ह्या लोकांची एक रीत असते. दुसऱ्याचं काम व्हाईसला धरलेलं असेल, तर त्याला विचारल्याशिवाय दांडीला हात लावायचा नाही. कितीही घाई असो. यावरनं मारामाऱ्या होतात. हे मला ह्यांनीच सांगितलेलं.

पण फिटरला गंजलेला स्क्रू दिसला की त्याचा हात राहत नाही. जबडे उघडल्याशिवाय आतले आटे साफ कसे होणार? आणि विचारायचं तरी कुणाला? माणूस तर गेलेला.

घरी आल्यावर रॉकेल ओतून ठेवलं. मग दांडी फिरवली. व्हाईस कुरकुरला... आणि तुकडा खाली पडला.

मी दारातच होते. "आवं, त्या बाईला शब्द दिलाय तुमी."

"साफ करून परत धरतो की," हे म्हणाले. आणि तो तुकडा खिडकीत ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी बघितलं तर खिडकी रिकामी.

तुकडा जबड्यात होता. घट्ट आवळलेला.

"तुमी धरला?"

"न्हाई. मला वाटलं तू."

मी कशाला त्या लोखंडाला हात लावते?

त्या संध्याकाळी पहिल्यांदा आवाज आला. हे पाळी करून आलेले, जेवून खाटेवर आडवे झालेले. मी कंदिलाची काच पुसत होते. आणि शेडमधनं...

खर्र... खर्र... खर्र...

कानशीचा आवाज. सावकाश. हात बसलेल्या माणसाचा.

मी कंदील घेऊन गेले. शेडमध्ये कुणी नाही. कानस खिळ्याला टांगलेली, हलतसुद्धा नव्हती. पण आवाज माझ्यासमोर चालू होता. आणि त्या व्हाईसखाली लोखंडाचा कीस पडत होता. ताजा. चकचकीत.

तशीच उलट्या पावली घरात आले. ह्यांना उठवायला वाकले... आणि वाकलेलीच राहिले.

ह्यांचा श्वास त्या आवाजाबरोबर चालला होता.

खर्र... की छाती वर. खर्र... की छाती खाली.

अंग घामानं निथळत होतं. उघडे दंड आवळत होते, सैल पडत होते. मधेच आवाज थांबला. फिटर काम उजेडात धरून बघतो ना, तेवढा वेळ.

ह्यांचा श्वासही थांबला.

मी गदागदा हलवलं. डोळे उघडले. म्हणाले, "अगं, लय दमलोय गं. दोन पाळ्या केल्यासारखं वाटतंय."

पुढं रोज तेच. हे झोपले की आवाज सुरू. जागे झाले की बंद. आठवडाभरात गालफडं बसली. शर्ट खांद्यावरनं लोंबायला लागला. डॉक्टरनं तपासलं, छाती उत्तम म्हणाला, टॉनिक लिहून दिलं. शिरसवडीच्या भगताकडनं अंगारा आणला. तो ह्यांनी दारामागं ठेवला आणि विसरले. झोप मात्र येतच राहिली. जेवता जेवता माणूस झोपायचा.

मग ह्यांचे कारखान्यातले दोस्त जोतीराम भाऊजी म्हणाले, "वैनी, ज्याचं त्याला दिऊन या." तुकडा जबड्यात तसाच ठेवून आम्ही तिघांनी तो व्हाईस पोत्यात घातला आणि आटपाडी गाठली.

बयाबाईच्या दाराला कुलूप. शेजारी म्हणाले, भावाकडं गेली, जतच्या पलीकडं. कधी येईल सांगता येत नाही.

आम्ही व्हाईस तिच्या ओट्यावर ठेवला. हात जोडले. परतीची एसटी धरली. किती दिवसांनी मला हलकं वाटत होतं म्हणून सांगू! खिडकीतनं वारा येत होता. ह्यांना डुलकी लागली.

मी कान देऊन होते. आवाज नव्हता. कुठंच नव्हता.

श्वासही नव्हता.

ओठ निळे पडायला लागले होते. मी तोंडावर चापट्या मारल्या. भाऊजींनी पाणी ओतलं. कंडक्टरनं गाडी थांबवली. शेवटी एकदाचा ह्यांनी भसकन श्वास घेतला, डोळे उघडले आणि म्हणाले, "झोपू दे की गं."

आम्ही विट्याला उतरलो आणि उलटी गाडी धरली. पोतं परत आणलं. सगळ्या वाटेनं मी ह्यांना चिमटे काढत होते. दंड काळानिळा झाला, तरी डोळा लागू दिला नाही. व्हाईस शेडमध्ये पुन्हा आवळला. हे झोपले. आवाज सुरू झाला. आणि मी देवाचे आभार मानले. ज्या आवाजाला भ्यायचे त्याचेच आभार मानले, बघा.

पण तुकडा रोज घासला जात होता. आकार येत होता. कडा गुळगुळीत होत चाललेल्या.

मी भाऊजींना विचारलं, "काम पुरं झालं की मग काय हो?"

त्यांना माझ्या मनातलं कळलं नाही. सहज म्हणाले, "मग काय! फिटर हात धुतो आन् घरला जातो."

आणि बिराप्पा घरला गेला, तर ह्यांचा श्वास कशावर चालणार?

त्या दिवशी हे कामावर असताना मी शेडमध्ये गेले. दांडीला दोन्ही हातांनी लटकले, तवा कुठं ती फिरली. बिराप्पाचा तुकडा काढला आणि त्याच्या जागी भंगारातली एक जाड पट्टी धरली. मोठ्यानं म्हणाले, "भाऊ, हे काम आधी करा. ते मग बघू."

संध्याकाळी हे झोपले. मी पदर तोंडात कोंबून बसले होते.

खर्र...

चाललं. त्याला काम हवं होतं. कुठलंही.

तेव्हापासनं मी काम पुरवते. पट्टी संपत आली की दुसरी. नदीवरच्या मोटारीचे मोडके दांडे, बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेचे तुकडे, मिळेल ते. बाया लाकूडफाटा गोळा करतात, मी लोखंड गोळा करते. शेजारची अंबूबाई म्हणाली, "नवऱ्याचा नाद तुलाबी लागला व्हय गं?" मी हसले.

मग दसरा जवळ आला. खंडेनवमीला हत्यारांची पूजा. त्या दिवशी कुठलाच कारागीर हत्याराला हात लावत नाही. लोहाराचा भाता बंद, सुताराचा रंधा बंद. ह्यांनी सगळे व्हाईस धुऊन पुसले, हळद-कुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. मी नारळ फोडला.

पूजा झाली आणि हे तिथंच खाली बसले.

"आज कामाला सुट्टी अस्ती," म्हणाले. "वर्षातनं एक दिस हत्याराला इसावा. मलाबी मिळू दे की गं आज."

"तुमाला कोण न्हाई म्हणतंय? पडा की निवांत."

मला वाटलं, थकलेत, म्हणून बोलले.

दिवेलागणीला हे आडवे झाले. मी देवापाशी दिवा लावला आणि कान दिला.

काही नाही.

रस्त्यावर पोरं ओरडत होती. कुठंतरी कुत्रं भुंकलं. शेड गप्प.

मला एकदम लख्ख कळलं. खंडेनवमी बिराप्पालाही होती. तो आज हत्याराला हात लावणार नव्हता.

मागं वळून बघितलं. ह्यांची छाती हलत नव्हती. हलवलं. ओरडले. पाण्याचा तांब्या तोंडावर ओतला. आज डोळे उघडेनात.

मी शेडकडं धावले. "आवं बिराप्पा भाऊ! करा हो काम! पाया पडते, करा!"

झेंडूचा वास. ताज्या कुंकवाचे टिळे. सगळं शांत.

मग मी खिळ्यावरची कानस काढली. त्या व्हाईसवरची फुलं हातानं भिरकावली आणि धरलेल्या पट्टीवर कानस घासली. जन्मात कधी मारली नव्हती. हात सटकला, बोटं सोलली. पुन्हा घासली. पुन्हा.

घरातनं खोकल्याचा आवाज आला. मग श्वास. माझ्या हाताबरोबर... वर, खाली. मी थांबले की तो थांबायचा.

तांबडं फुटेपर्यंत मी घासत होते. खंडेनवमी सरली. दसऱ्याची सकाळ झाली आणि माझ्या हातातली कानस आपोआप जड झाली. कुणीतरी दुसऱ्या टोकानं धरावी तशी. मी ती सोडली. आवाज चालूच राहिला.

घरात गेले. हे झोपलेले होते. पण डोळ्यांच्या कोपऱ्यातनं पाणी वाहत होतं. उशी भिजली होती.

उठल्यावर त्यांनी माझे हात बघितले. कुंकू, रक्त, लोखंडाचा कीस.

"कशाला गं?" एवढंच म्हणाले.

मी हात पदराखाली घेतले. मला नवरा हवा होता. दमलेला तर दमलेला.

ह्या गोष्टीला आता तीन वर्षं होतील. पुढच्या दोन्ही खंडेनवम्यांना मी अशीच रात्र काढली. कारखान्यानं ह्यांना कमी केलं. आता दिवसभर खाटेवर बसून असतात. माझ्याशी भांडत नाहीत, हसत नाहीत. नुसते माझ्याकडं बघतात. माझेही सांधे धरलेत. दांडी पूर्वीसारखी फिरत नाही माझ्याच्यानं.

परवा पुन्हा खंडेनवमी आहे.

सकाळी शेडमध्ये गेले तर खिळा रिकामा. सगळ्या कानशी गायब. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "बघ की, हितंच कुठं तरी असतील." आणि तोंड भिंतीकडं केलं. दुपारी बाजारात जाऊन मी नवी कानस आणली. पदराखाली झाकून आणली, तांदळाच्या डब्यात ठेवली.

आत्ता बघितलं. डब्यात नुसते तांदूळ आहेत.

वरवंटा काढून ठेवलाय मी. लोखंडावर दगड घासला तर चालतं का हो? कुणाला माहीत असेल तर परवाच्या आत कळवा.