शेवटच्या खाटेची नाडी

“दादा, तिला ती सगीराची गोष्ट सांगा एकदा. रात्रपाळीचं नावच काढणार नाही.”

स्वयंपाकघरात सासूबाई त्यांच्या थोरल्या भावाला, पुंजाराममामांना, हे सांगत होत्या. मी वाळलेले कपडे घेऊन जिन्यात उभी होते. नव्या सुनेचा हा एक फायदा, की ती घरात आहे हे लोक अजून विसरतात.

माझं नर्सिंगचं शेवटचं सत्र लग्नामुळं राहिलं होतं. सोमवारपासून रात्रपाळी होती. ती पुरी केल्याशिवाय कौन्सिलात नोंदणी नाही, आणि नोंदणीशिवाय मी नर्स नाही. सासूबाईंचं म्हणणं एवढंच, की सुनेनं रात्र घरात काढावी. आमचे हे दोन्हीकडं मान डोलवायचे.

जेवणं झाली आणि उस्मानपुऱ्यातली लाइट गेली. सगळे गच्चीवर आलो. मामा जन्मभर एका दवाखान्यात वॉर्डबॉय होते. त्यांनी सुपारी कातरली आणि माझ्याकडं न बघता सुरू केलं.

“शफी टेलरची पोरगी, सगीरा. लई हुशार. नर्सिंगचं शेवटचं वर्ष. पोळ्याची आवस होती. निम्मा स्टाफ गावाला, बैलांच्या मागं. बायकांच्या वॉर्डात ही एकली.”

“मग?” नणंद माझ्या दंडाला चिकटली.

“खिडकीपाशी शेवटची खाट. गंगापूरकडली म्हातारी, भागूबाई. पोरगा पोळ्याला गेला तो आलाच नाय. सगीरानं फेरी मारली. एकेकीची नाडी बघितली, कागदावर मांडली. भागूबाईचीबी. चांगली चालू होती.”

मामांनी सुपारी तोंडात टाकली.

“मागून मोठी सिस्टर आली. म्हातारीला हात लावला. म्हणली, अगं, ही कधीची गेलीय... अंग ताठलंय.”

“मग हिनं नाडी कुणाची मोजली?” दीर हसला.

मला माहीत होतं. पहिल्याच वर्षी शिकवतात, नाडी तीन बोटांनी बघायची, अंगठ्यानं नाही. अंगठ्याला स्वतःचे ठोके असतात. झोपेच्या गुंगीत तो लागला, की माणूस आपलीच नाडी मोजत बसतो. मी मनात हुश्श केलं. भूत संपलं.

“सोताचीच,” मामा म्हणाले. “अंगठ्यानं दाबली व्हती पोरीनं.”

म्हणजे मामांना ठाऊक होतं. आणि गोष्ट पुढं होती.

“सिस्टर फोन करायला गेली. मी स्ट्रेचर घेऊन दारात. सगीरा खाटेपाशी रडत व्हती. म्हणली, आजी, माफ करा. अन् परत नाडी धरली. आता बरोबर. तीन बोटांनी.”

“लागली?”

“नाय.”

खाली कुणीतरी मोटारसायकल बंद केली.

“तिनं म्हातारीचा हात खाली ठेवला. ठेवला, पण... हिचा हात सुटंना.”

“म्हणजे?”

“म्हातारीनं धरला व्हता. मनगटावर. तीन बोटं... अंगठा नाय.”

दीर आता हसत नव्हता.

“मी बघितलं. म्हातारीचे डोळे मिटलेले. बोटं हलकी दाबलेली... मोजत व्हती.”

“मग?” नणंदेनं विचारलं.

“मोजून झालं. सोडला.”

गोष्ट सासूबाईंनीच मागवलेली, तरी त्यांनी पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला.

“सगीरा परत आलीच नाय. शिक्षण तिथंच सुटलं. गेल्या ईदला भेटली. एका हातात बांगड्याच बांगड्या. सरकवून दावलं मला.” मामांनी स्वतःचं मनगट पुढं केलं आणि लगेच मागं घेतलं. “तीन ठसे. निळे. मी बोट लावलं... गार.”

अंधारातही मला कळलं, सगळे माझ्याकडं बघतायत. आमचे हे हळूच म्हणाले, “बघ बाई, झेपेल का तुला?”

मी भागूबाईचा विचार करत होते. मुलगा आला नाही. सिस्टर आली ती उशिरा. आणि जिनं हात धरला, तिनं ही बरी आहे असं मांडून ठेवलं. पदराखाली माझी तीन बोटं माझ्याच मनगटावर होती. कधी गेली, कळलं नव्हतं. ठोके जोरात होते. मी बोटं उचलली.

“मामा,” मी म्हणाले. लग्न झाल्यापासून सगळ्यांसमोर इतक्या मोठ्यानं पहिल्यांदाच. “मी रात्रपाळीला जाणार आहे. आणि कुणी माझा हात असा धरलाच, तर मोजून होईपर्यंत मी काढून घेणार नाही.”