वारंगा फाट्यावरचा पत्र्याचा माणूस

ही हकिकत रचलेली नाही. ज्यांच्यावर ती गुदरली, त्या शेषरावांच्या तोंडून मी ती ऐकली. आणि कुलदैवताला स्मरून, जशी ऐकली तशीच लिहीत आहे.

सन १९७५. वैशाख वद्य अष्टमी. स्थळ, कळमनुरी तालुक्यातील वारंगा फाटा.

वेळ रात्रीची नव्हे... भर माध्यान्हीची.

फाट्यावर शेषरावांचे चहाचे दुकान होते. रस्त्यापलीकडे रतनसिंगचे ट्रकदुरुस्तीचे गॅरेज. शेषरावांचा धाकटा भाऊ जळबा तेथे कामाला होता.

रतनसिंगने मोडक्या ट्रकांच्या पत्र्यातून एक यंत्रमानव घडवून गॅरेजपुढे उभा केला होता. डोळ्यांच्या जागी दिवे, खांद्यात वायपरची मोटर. बॅटरी जोडली की त्याचा हात हाले आणि रस्त्यावरच्या ट्रकांना बोलावी.

भाऊ सख्खे, पण स्वभाव दोन टोकांचे. जळबा अनोळखी ड्रायव्हरलाही मामा म्हणे; कोणी हात केला की धावत जाई. शेषराव मात्र कोणाच्या बोलावण्यावरून जागचे हलत नसत. लग्नाच्या पंगतीलासुद्धा नाही.

जळबा रोज सकाळी त्या यंत्रापुढे कपभर चहा ठेवी.

"पत्र्याला चहा पाजून राहिला! काहून रे, येडा झाला का?"

"दिसभर उभा असतो बिचारा, दादा."

"माणसासारखं दिसतं अन् माणूस न्हाई. त्याचा काय भरवसा?"

"तुला माणसाचा तरी कुठं हाय?" जळबा हसला.

त्या दुपारी रतनसिंग यंत्राची बॅटरी भरून आणायला नांदेडला गेला होता. गॅरेज बंद. जळबा दुकानाच्या बाकावर बसून चहा पीत होता.

रस्ता ओस पडला. कावळ्यांचा आवाज थांबला. स्टोव्हची घरघरही ऐकू येईना, जरी ज्योत जळत होती.

आणि मग...

किर्र... किर्र...

पत्र्याचा हात हालत होता.

रस्त्याकडे नव्हे. दुकानाकडे.

"बोलावून राहिला," जळबा उठला.

"बस खाली! त्यात बॅटरी न्हाई!"

पण जळबा रस्ता ओलांडून गेलासुद्धा. त्याने यंत्राच्या तोंडाशी कान नेला. बराच वेळ ऐकले. मान हालवली. परत आला तेव्हा त्याचे ओठ पांढरेफटक पडले होते.

"दादा... त्यानं मला न्हाई बोलावलं. तुला बोलावलं."

शेषराव स्टोव्ह सोडून बाकाकडे आले.

"मी म्हणलो, आमचा दादा कुणाकडं जात न्हाई. त्याच्याऐवजी मी येतो."

शेषरावांनी त्याला बाकावर दाबून बसवले आणि मनगट घट्ट धरले. मनगट वैशाखातही गार लागत होते.

किर्र... किर्र...

जळबा उठू लागला. डोळे मिटलेले. शेषराव धिप्पाड, तरी फरफटू लागले. बोटे सुटत चालली.

तेव्हा त्यांच्या मनात एकच विचार आला. बोलावणे माझे आहे. मी गेलो, तर हा सुटेल.

त्यांनी मनगट सोडले आणि जन्मात प्रथमच, कोणी बोलावले म्हणून ते चालू लागले.

यंत्रापुढे उभे राहून ते ओरडले, "आलो मी! माझ्या भावाला सोड!"

हात थांबला.

तापलेला पत्रा. धूळ. आत काही नाही.

सुटकेचा निःश्वास टाकून शेषराव मागे वळले.

बाक रिकामा होता.

चोहीकडे मोकळे रान. मैलभर दिसत होते. दोघा भावांची यंत्राकडची पावले सोडली, तर धुळीवर बाकापासून दूर जाणारे एकही पाऊल नव्हते. पुढे पोलिसांनी विहिरी उपसल्या. रतनसिंगने यंत्राचा पत्रान् पत्रा सोडवून पाहिला. जळबा आजतागायत सापडलेला नाही.

शेषराव आता ऐंशीच्या घरात आहेत. सगळे सांगून झाल्यावर त्यांनी मला एकच विचारले.

"गुरुजी, त्यानं वढून न्हेलं न्हाई हो. हात मी सोडला. मी गेलो नसतो, तर पोरगं राहिलं असतं का?"

इतकी शास्त्रे वाचली. पण त्या क्षणी मी फक्त त्यांचा हात घट्ट धरला.