अव्वा कुठं दिसली

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी तपासणी विभागात आहे. तयार झालेला भाग माझ्या टेबलावर येतो, मी तो मोजते आणि मापात बसला नाही तर परत पाठवते. कुणाला काय वाटतं याला तिथं किंमत नसते. घरीही माझी तीच सवय. गॅसच्या शेगडीपासून अव्वाच्या गोळ्यांपर्यंत काहीही असो, आधी फोनवर शोधायचं, वाचायचं, चार ठिकाणी पडताळायचं आणि मगच हात लावायचा.

माझा धाकटा भाऊ श्रीशैल याच्या अगदी उलट. आमच्याच शहरातल्या संभाजीनगर भागात त्याचं टायरचं दुकान आहे. दिवसभर तिथं माणसं येऊन बसतात, बोलतात, आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाची खबर त्याच्याकडं जमा होते. अव्वाला विसर पडायला लागला तेव्हा मी त्या आजाराबद्दल मिळेल तेवढं वाचून काढलं. त्यानं गिऱ्हाइकांना विचारलं. कुणी ब्राह्मी सांगितली, कुणी वारणानगरकडचा वैद्य सांगितला.

"लोकांना काय कळतंय त्यातलं?" मी म्हणायची.

"लोकांनी भोगल्यालं असतंय, अक्का," तो म्हणायचा. आमचं भांडण तिथंच थांबायचं.

अव्वा म्हणजे आमची आई, मल्लव्वा. माहेर, सासर दोन्ही नेसरीच्या बाजूचं, कर्नाटकाच्या हद्दीजवळचं, त्यामुळं बोलण्यात मधेमधे कानडी. आप्पा गेल्यावर ती मंगळवार पेठेत माझ्या फ्लॅटवर राहायला आली. आधी विसर थोडाच होता. चहात दोनदा साखर, देवापुढं दोनदा उदबत्ती. मग एकदा भाजीला म्हणून गेली ती घरचा रस्ताच विसरली. तेव्हा मी एक फोन कापडी बटव्यात घालून तिच्या कमरेला बांधून टाकला. ती कुठं आहे ते माझ्या फोनवर, नकाशात, निळ्या ठिपक्यानं दिसायचं. कामावर मशीनच्या आवाजात मधूनच मी तो ठिपका बघायची. तो घरावर असायचा. मला बरं वाटायचं.

डिसेंबरातली गोष्ट. सोमवार, आमच्या फाउंड्रीच्या सुट्टीचा दिवस होता. मी अंघोळ करून बाहेर आले तर दार सताड उघडं आणि अव्वाचा पलंग रिकामा. गोधडीची घडी घातलेली होती. तिनं घडी घालून बरेच महिने झाले होते.

मी फोन बघितला. ठिपका आमची गल्ली सोडून बिंदू चौकाच्या दिशेनं चालला होता. तिला फोन लावला, वाजत राहिला. श्रीशैलला सांगितलं, तो गाडी घेऊन लगेच निघाला. तो येईपर्यंत मी खाली उतरले.

कोपऱ्यावर हार विकणारी बायडाबाई बसते. माझ्याकडं बघूनच तिनं विचारलं, "आईला हुडकताय व्हय? आत्ताच गेल्या की, रंकाळ्याकडं."

"बिंदू चौकाकडं म्हणायचंय का तुम्हाला?"

"न्हाय ओ. माझ्याकडनं फूल घेतलं, केसात घातलं आणि गेल्या तिकडं." तिनं नेमका उलटा रस्ता दाखवला.

तेवढ्यात श्रीशैल आला. तो सरळ पलीकडच्या दूध कट्ट्यावर जाऊन तिथल्या आकारामला विचारून आला. आकाराम म्हशीची धार काढत होता, त्यानंही पाहिलं होतं. हिरवं इरकल लुगडं, डाव्या अंगठ्याला पट्टी. 'मावशी, कुठं निघालासा' असं त्यानं विचारलं, तर 'जरा वारं खाऊन येतो' म्हणाली आणि रंकाळ्याच्या रस्त्याला लागली.

अंगठ्याची पट्टी मीच आदल्या संध्याकाळी बांधली होती. कुकरच्या वाफेनं भाजलं होतं.

"दोघांनी एकच सांगितलं," श्रीशैल म्हणाला.

मी फोन त्याच्यापुढं धरला. ठिपका शिवाजी चौक ओलांडून गंगावेशीकडं सरकत होता. "हे बघ. ती इथं आहे."

"फोन तिथं असंल. अव्वा न्हाय."

"फोन तिच्या कमरेला आहे, श्रीशैल. गाठ मी मारलीय. माणसं चुकतात. कालचं आज पाहिलं म्हणून सांगतात."

त्यानं एकदा फोनकडं बघितलं, एकदा बायडाबाईकडं. मग गाडीला किक मारली. "तू तिकडं जा. मी रंकाळ्यावर जातो."

मी रिक्षा केली. सबंध रस्ताभर मान खाली घालून ठिपका बघत होते. गंगावेस, मग शुक्रवार पेठ, मग पंचगंगेचा घाट. तिथं तो थांबला.

घाटावर कोवळं ऊन होतं. पाण्यावर अजून थोडं धुकं राहिलं होतं. एक बाई कपडे धूत होती, तिच्या धोपटण्याचा आवाज पलीकडच्या काठावरून परत येत होता. पाण्यात निम्म्या बुडालेल्या लहान देवळांपाशी, खालच्या पायरीवर, पाण्यात पाय सोडून अव्वा बसली होती. हिरवं इरकल. अंगठ्याला पट्टी. केसात शेवंतीचं फूल.

मी तिच्याजवळ जाऊन बसले, तिचा हात धरला. हात गार होता, पण नदीवर तो गारच असणार.

"उशीर केलीस की गं, शांभवी," ती म्हणाली.

तिनं माझं नाव घेऊन कित्येक दिवस झाले होते.

श्रीशैलला कळवायला मी फोन उचलला, तर त्याचाच आला. तो हसत होता आणि रडतही होता. "अक्का, सापडली. रंकाळ्यावर टॉवरजवळ बाकावर बसलीया. म्हटलं न्हवतं तुला? माणसं खोटं का बोलतील?"

"श्रीशैल, चेष्टा नको."

"कसली चेष्टा?"

"अव्वा माझ्याजवळ आहे. घाटावर."

त्याच्या मागं रंकाळ्यावरचा फुगेवाला पिपाणी वाजवत होता, ती मला ऐकू येत होती.

"व्हिडिओ लाव," मी म्हणाले.

पडद्यावर आधी श्रीशैलचा चेहरा आला. मग त्यानं फोन फिरवला. मागं तळं चमकत होतं. बाकावर अव्वा बसली होती. हिरवं इरकल. अंगठ्याला पट्टी. केसात शेवंती.

मी माझा फोन फिरवला. पडद्यातलं तळं एकदम हललं.

डोक्याचा एक भाग तपासणीच्या टेबलावर बसल्यासारखा काम करत होता. तपासायचं. एकच माप दोन्हीकडं लावायचं. मी त्याला म्हणाले, "कॉल बंद कर. तिला विचार, दोघंच असताना आप्पा तिला काय म्हणून हाक मारायचे. मग मला सांग."

ते नाव आम्हा दोघांना माहीत होतं, कारण लहानपणी आम्ही झोपेचं सोंग घेऊन ऐकलं होतं. बाहेरच्या कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. कुठं वाचायला मिळण्याजोगंही ते नव्हतं.

मी अव्वाला विचारलं. ती लाजली, पदर दातात धरला, पाण्याकडं बघत म्हणाली, "चिन्ना." कानडीत चिन्ना म्हणजे सोनं.

फोन वाजला. "चिन्ना म्हणाली," श्रीशैल म्हणाला. "अक्का, लाजली ती."

आम्ही पुन्हा व्हिडिओ लावला. आता काय करायचं ते मला कळत नव्हतं, त्यालाही नाही. या वेळी दोघींनी एकमेकींना पाहिलं. कुणीच दचकलं नाही. गाडीची वाट बघत बसलेल्या दोन अनोळखी बायका एकमेकींना न्याहाळतात तसं त्यांनी न्याहाळलं.

माझ्याजवळची म्हणाली, "ती लई दमल्याली दिसाय लागलीया."

पडद्यातल्या अव्वानं मान हलवली. "व्हय," ती म्हणाली.

मग रेंज गेली.

मी उठले. दोन पायऱ्या वर चढून फोन उंच धरला. रेंज आली, पण मी श्रीशैलला लावला नाही. आयुष्यभर अडल्यावर जे करत आले तेच केलं. नदीकडं पाठ करून मी शोधायला लागले. एकच माणूस दोन ठिकाणी दिसणं. उत्तरं आली. ताण, अपुरी झोप, मेंदूतला रसायनांचा गोंधळ, दोन नातेवाइकांना एकाच वेळी होणारा भास. मी वाचत गेले. वाचताना श्वास जरा जागेवर आला.

मागं वळून बघितलं तेव्हा पायरी रिकामी होती.

बटवा दगडावर ठेवलेला होता. गाठ सोडलेली. आत फोन.

पाण्यातून निघालेली ओली पावलं पायऱ्यांवरून वर गेली होती. त्यांच्या शेजारून चपलांचे ठसे. माझ्या अगदी जवळून गेले होते.

मी कपडे धुणाऱ्या बाईकडं धावले. "इथं बसलेल्या आजी कुठं गेल्या?"

तिनं धोपटणं थांबवलं. "गेल्या की वर. आत्ताच."

"कुणाबरोबर?"

"तुमच्याबरोबर." तिला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. "हाताला धरून न्हेलासा की तुम्हीच."

"मी इथंच उभी होते."

"व्हय," ती म्हणाली. मग तिनं माझ्याकडं पुन्हा नीट बघितलं, पायापासून वरपर्यंत. पिळलेले कपडे बादलीत टाकले आणि बाकीचे तसेच ओले गोळा करून घाटाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेली.

मी वर पळाले. रस्त्यावर रिक्षा होत्या, दुधाच्या किटल्या होत्या, शाळेला निघालेल्या मुली होत्या. अव्वा नव्हती.

घरी पोचले तेव्हा श्रीशैल त्याच्या अव्वाला घेऊन आला होता. ती पलंगावर भिंतीकडं तोंड करून झोपली होती. त्यानं माझ्या मागं दाराकडं बघितलं.

"तुझी?"

बाई काय म्हणाली ते मी त्याला सांगितलं. लोकांच्या बोलण्यावर कधी शंका न घेणारा माझा भाऊ म्हणाला, "तिला चुकून वाटलं असंल, अक्का. माणसं चुकतात." मी बरं म्हणाले. त्यानंतर आम्ही हा विषय काढला नाही.

त्या दिवसापासून अव्वा खालावत गेली. संक्रांतीला तिनं तिळगूळ हातात घेतला आणि त्याचं काय करायचं ते तिला आठवेना. श्रीशैलचं नाव गेलं, मग माझं, मग स्वतःचं. डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढून दाखवले. मी वाचलं होतं तसंच सगळं होतं, पायरी-पायरीनं. त्यात गूढ काही नव्हतं. मी कामावरून लांब रजा घेतली.

पण माणसं सांगत राहिली.

पहिल्यांदा बायडाबाईनं सांगितलं, "काल देवळाच्या महाद्वारात तुम्ही मायलेकी दिसलासा. आईंची तब्येत सुधारली की." अव्वा तेव्हा महिनाभर घराबाहेर पडली नव्हती. मग फाउंड्रीतली अनुजा भेटायला आली. दारातून पलंगावर पडलेल्या अव्वाकडं बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "परवा देवळात तर मला नाव घेऊन बोलल्या," ती म्हणाली. "तुझ्याबद्दल सांगत होत्या. लेक माझी क्षणभर हात सोडत न्हाय, फोनसुद्धा बघत न्हाय म्हणाल्या. तू शेजारी उभी होतीस, शांभवी. हसत होतीस."

एकदा आकारामनं सांगितलं. एकदा नेसरीहून मामाचा फोन आला, यात्रेला दोघी येऊन गेलात, बरं वाटलं, पण जेवायला थांबला असतात तर आणखी बरं वाटलं असतं म्हणून. मी फोनवर शोधणं सोडून दिलं. काय शोधायचं तेच मला माहीत नव्हतं.

गेल्या आठवड्यात दुपारी अव्वा गॅलरीतल्या खुर्चीत बसली होती. बऱ्याच दिवसांत तिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले, तर तिनं माझ्याकडं बघून हात जोडले.

"लई केलासा बाई माझं," ती म्हणाली. आवाज स्वच्छ होता. "आता ऱ्हाऊ दे. माझी माणसं आल्यात न्यायला."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो हळूच, परक्याचा काढावा तसा काढला आणि कठड्यावरून खाली वाकून बघितलं. तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. तसं हसू मी त्या चेहऱ्यावर वर्षभर बघितलं नव्हतं.

"वर ये की गं, शांभवी," ती खाली रस्त्याकडं बघून म्हणाली. "तिलाबी घेऊन ये."

मी कठड्यापर्यंत गेले नाही.

खाली जिन्यात चपला वाजल्या. दोन माणसं सावकाश चढत होती, एक दुसऱ्याला आधार देत असावं तशी. मी तांब्या जमिनीवर ठेवला, आत गेले आणि जिन्याकडच्या दाराला आतून कडी घातली.