राखाडी हातमोजे

पटो वा न पटो, हे घडलंय. अल्मिरा कॉर्कम माझ्या आईची शेजारीण. खोटं बोलणाऱ्यातली बाई नव्हती ती.

साल १९४२, नोव्हेंबर. गाव आमचं लुनेनबर्ग, अटलांटिकच्या काठावरचं. भर दुपार, पण धुकं इतकं की समोरचा धक्का दिसेना.

गावातले निम्मे कोळी नौदलात गेले होते. व्यापारी जहाजांचा तांडा जर्मन पाणबुड्यांपासून सांभाळत अटलांटिकपार न्यायचा, हे त्यांचं काम. अल्मिराचा धाकटा भाऊ ऑर्व्हिल त्यातलाच. त्याची बोट बुडाल्याचं कळलं होतं. काही जण वाचले होते म्हणे. कोण, ते मात्र कळेना.

अल्मिराच्या जिवाला भलताच घोर. आमच्याकडे दर्यावर पांढरेच हातमोजे नेतात. राखाडी म्हणजे अपशकुन! पण त्या वर्षी पांढरी लोकर मिळेना, म्हणून तिनं भावाला राखाडी विणून दिले.

"नौदलाच्या बोटीला कसला आलाय अपशकुन!" तेव्हा ती हसली होती.

त्या दुपारी ती स्वयंपाकघरात आली, आणि...

चुलीवरच्या दोरीवर राखाडी हातमोजे टांगलेले.

ओलेगच्च. खाऱ्या पाण्याचा वास. मनगटाशी तिचेच ते दोन उलटे टाके.

घराचं दार आतून बंद होतं.

घरात दुसरी फक्त भावजय हेझल; संशय सरळ तिच्यावर गेला. त्या हातमोज्यांपायी हेझल तिच्याशी धड बोलत नव्हती.

"मला छळायला टांगलेस ना हे?"

"ताई, नवरा माझा बेपत्ता आहे, आणि मी हे धंदे करत बसू?"

"मग घरात तिसरं कोण आहे?"

"मला काय विचारता? विणलेत तर तुम्हीच!"

अल्मिरानं ते चुलीत घातले. जळून राख होईपर्यंत उभी राहिली.

दुसऱ्या दुपारी पुन्हा...

टप्... टप्...

तेच हातमोजे. हेझल त्या वेळी चर्चमध्ये माझ्या आईशेजारी बसली होती.

"गेला गं माझा भाऊ!" अल्मिरा मटकन खाली बसली.

आणि पाचव्या दिवशी तार आली. ऑर्व्हिल जिवंत होता!

नाताळाआधी तो रजेवर आला. हेझल त्याला सोडेचना. अल्मिरानं मात्र जपून ठेवलेले ते हातमोजे त्याच्यापुढे टाकले.

तो पांढराफटक पडला.

"हे... हे माझ्याकडे नव्हतेच. स्टेफन म्हणून एक होता बोटीवर. गव्हाच्या मुलखातला, समुद्र कधी पाहिलेला नाही. लोक सैनिकांना पाठवतात त्या मदतीच्या पेटीतून त्याला पांढरे मिळाले होते. मी अदलाबदल केली."

"राखाडी का नकोत, ते सांगितलंस त्याला?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली.

"तो कुठाय?"

"बुडाला. पाण्यात माझ्या शेजारीच होता. मला धरून होता. मग हात सुटला."

पुढचा प्रश्न तोंडातून कसा निघाला, हे अल्मिराला मरेपर्यंत कळलं नाही.

"सुटला... की तू सोडवलास?"

हेझल दोन पावलं मागे सरली.

ऑर्व्हिलनं आधी खिडकीकडे पाहिलं, मग दाराकडे. आवाज अगदी बारीक झाला.

"कोणी सांगितलं तुला?"

हातमोजे त्यानंतर आले नाहीत. ऑर्व्हिल म्हातारा होऊन मेला. लहानपणी एकदा मी त्याच्याशी हात मिळवायला गेलो. त्यानं दोन्ही हात झटकन पाठीमागे नेले, आणि माझ्याकडे असं पाहिलं... की मीच घरी पळालो.