तिसरं बटण

माझी बायको योगिता गेली, हे मला दवाखान्याच्या व्हरांड्यात कळलं. २०१९ चा जून संपत आला होता. डॉक्टर म्हणाले, कावीळ फार वाढली होती. मी विचारलं, "म्हणजे अजून किती दिवस ठेवावं लागेल?" ते माझ्याकडे बघत राहिले. तेव्हा कळलं.

पहिला विचार आला तो कैनाडला कोण सांगणार हा. कैनाडला तिचा बाप राहतो. लग्नापासून तो माझ्याशी बोलला नव्हता.

आमची भेट नगरपरिषदेच्या निवडणुकीत झाली. २०१७ चा डिसेंबर, मतदान शाळेत. रांगेत ती माझ्या पुढे होती. पिवळी ओढणी, ओढणीला पिकल्या चिकूचा वास... चिकू भरायच्या शेडमध्ये ती कामाला होती, हे नंतर समजलं. ती पुठ्ठ्याच्या आड गेली, एक बटण दाबलं आणि सरळ बाहेर पडली. मशीन काही वाजेना.

"अहो बाई, मत पुरं झालं नाही!" आतला साहेब ओरडला. ती मैदानात पोचली होती. साहेब मला म्हणाला, "भाऊ, बोलाव तिला."

मी धावलो. "ओ बाई... तुमची दोन मतं आत राहिली."

"राहू दे. सांभाळून ठेवा म्हणावं."

"तसं चालत नाही. तिन्ही दाबल्याशिवाय मशीन वाजत नाही. तोवर मीपण लटकलोय."

"मी एकाच माणसाला ओळखते. बाकीच्यांना कशाला दाबू?"

"खाली एक बटण असतं... कोणीच नको, असं."

तिने मान तिरपी करून माझ्याकडे पाहिलं. "बरं माहीत आहे तुम्हाला. नेहमी तेच दाबता वाटतं?"

ती परत आत गेली. या वेळी लांब आवाज आला. बाहेर येताना माझ्याजवळ थांबून म्हणाली, "झालं का तुमचं मशीन खूश?"

घरी हे सांगितलं तर माझा बाप, काकड्या त्याचं नाव, खूप हसला. इथल्या निवडणुका त्याने कागदावर शिक्का मारायचे तेव्हापासून पाहिल्या आहेत. तेव्हा वॉर्डातून एक माणूस निवडला की झालं. पुढे मशीन आलं. वॉर्डांचे प्रभाग झाले, एका प्रभागाला दोन नगरसेवक. नगराध्यक्ष कधी नगरसेवक निवडायचे, कधी लोक. त्या वर्षी ती निवड पुन्हा लोकांकडे आली, म्हणून तीन बटणं. "दर वेळी नवीन शिकवतात," बाप म्हणाला, "आणि शिकलो की बदलतात."

मी फुग्यांच्या कारखान्यात काम करतो. निवडणूक झाल्यावर उमेदवारांची चिन्हं छापलेले फुगे उरले होते. त्यातले थोडे घेऊन मी तिच्या शेडबाहेर उभा राहिलो.

"फुगे? मी काय लहान आहे?"

"निवडणुकीचे उरलेत."

"हरलेल्याचे का जिंकलेल्याचे?"

"हरलेल्याचे. जिंकलेल्याचे लोकांनी त्याच दिवशी फोडले."

ती हसली आणि फुगे घेतले. मग आम्ही सागर नाक्यापर्यंत बरोबर चालायला लागलो. महिनाभराने समुद्रावर मी बोलायला तोंड उघडलं. "मला तू... म्हणजे मी..."

"बटण दाब पटकन. मागे रांग आहे."

"कसली रांग?"

"वेवजी गावचा एक जण आहे. मावशीने स्थळ आणलंय."

"मग... दाबलं. लग्न करशील माझ्याशी?"

ती वाळूत अंगठा रुतवत राहिली. "माझं मत तुला. पण अजून दोन आहेत. मावशीचं आणि बाबांचं. तिन्ही पडल्याशिवाय मी वाजणार नाही."

निर्मला मावशीकडेच ती लहानपणापासून राहायची. मावशीने मला विचारलं, "दारू पितोस?"

"नाही."

"खोटं बोलतोस?"

"कधी कधी."

मावशी हसली. दुसरं मत पडलं.

कैनाडला तिच्या बापाने, लहान्याबाबांनी, माझे हात पाहिले. "आवणी केलीस कधी? भात लावलंस?"

"नाही."

"मग करतोस काय?"

"फुग्यांच्या कारखान्यात..."

"फुगे," ते म्हणाले. "एकच पोर आहे माझी. शेत कोण करणार? इथे राहायला ये, मग बघू."

मला नोकरी सोडता येत नव्हती. मे महिन्यात आमच्या पाड्यावर लग्न झालं. लग्न लावणारी धवलेरी गात होती आणि योगिता रस्त्याकडे बघत होती. बाबा आले नाहीत.

पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "वाजलीस का?"

"पीं..." ती म्हणाली. अगदी हळू.

"एवढं बारीक?"

"दोनच मतांवर वाजतेय ना."

वर्षभर ती बापाकडे एकटीच जायची. यंदा मात्र तिने ठरवलं होतं. "आवणीला तू पण चल. चिखलात उभा राहा, रोप लाव. एक शब्द बोलू नको. चिखलात राबणाऱ्या माणसाला बाबा नाही म्हणत नाहीत."

"आणि रोप वाकडं लागलं तर?"

"मी सरळ करीन ना मागून."

मी कारखान्यात रजा सांगून ठेवली. त्याच आठवड्यात तिला ताप आला.

शेवटी कैनाडला निरोप घेऊन मावशी गेली. लहान्याबाबा आले. लेकीच्या चितेवर त्यांनी लाकूड ठेवलं. जाताना माझ्यासमोर थांबले. "आवणीला..." एवढंच म्हणाले. तसेच चालत गेले. म्हणजे मी येणार हे तिने त्यांना सांगून ठेवलं होतं. ते वाट बघत होते.

आवणी झाली. मी गेलो नाही. तिच्याशिवाय त्या शेतात पाय ठेवायला होईना.

ऑक्टोबरमध्ये आमदारकीचं मतदान झालं. तीच शाळा. या वेळी एकच बटण होतं. दाबलं, लगेच वाजलं. मी पुठ्ठ्याच्या आड तसाच उभा राहिलो. साहेब म्हणाला, "झालं तुमचं, निघा."

कैनाडला भात पिकलं आहे. कापणी सुरू झाली आहे. बाबा एकटेच कापत असतील. मला अजून जायचं आहे.