आता कुठं सांगत बसायचं

हेस्टर आणि रोलंड थर्लो यांचा रविवार ठरलेला असे. सकाळी गाडी काढायची, इंग्लंडातल्या श्रॉपशरच्या डोंगराळ भागातलं एखादं जुनं चर्च नाहीतर पडका किल्ला बघायचा आणि दुपारी जवळच्या खेड्यातल्या पबमध्ये पोटभर जेवून परतायचं. मुलं नव्हती. कुत्रा गेला त्यानंतर दुसरा आणला नव्हता. लग्नापासून दोघांना मिळून असलेला हा एकच छंद होता आणि तो दोघांनीही मनापासून जपला होता.

हेस्टर एका विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासायची. जळालेली कोठारं, पुरात बुडालेली तळघरं, न झालेल्या चोऱ्या. माणसं सांगतात त्यातलं खरं किती, हे थंड डोक्यानं बघणं तिच्या अंगवळणी पडलं होतं. रोलंड शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला. उंच, जरा वाकून चालणारा आणि कमालीचा भिडस्त. सूप गार आलं तर मुकाट्यानं पिऊन 'छान होतं' म्हणणारा. न्हाव्यानं केस वेडेवाकडे कापले तर त्याला वर बक्षिसी देऊन येणारा.

ऑक्टोबरात ते ॲशबॅचला गेले. टेकडीवर प्राचीन गढीची मातीची तटबंदी होती. तिच्यावर मेंढ्या चरत होत्या. वारा इतका होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं. खाली दरीत ओढ्याकाठी 'ड्रोव्हर्स' नावाचा पब होता. पांढरा चुना लावलेल्या भिंती, मधोमध खचलेलं पाटीच्या दगडाचं छप्पर. दार इतकं बुटकं, की रोलंडला मान खाली घालून आत शिरावं लागलं.

आत लाकडाच्या धुराचा, ओल्या कुत्र्याचा आणि उकडलेल्या कोबीचा वास होता. फरशीत वर्षानुवर्षं मुरलेल्या बिअरचा आंबूस दर्प येत होता. शेकोटीभोवती चार-सहा माणसं बसली होती. काउंटरमागं मालकीणबाई बेरिल ग्विलियम ग्लास पुसत होत्या.

"आलास का, नेड?" त्या म्हणाल्या. "नेहमीचंच ना?"

रोलंडनं मागं वळून पाहिलं. मागं त्यानंच लावलेलं दार होतं.

"हो," तो म्हणाला. "चालेल की."

हेस्टरनं त्याला कोपर मारलं. "अरे, नेड कोण? सांग ना तिला."

"ग्लास भरायला घेतलाय तिनं," तो पुटपुटला. "आता कुठं सांगत बसायचं? बिचारी ओशाळेल उगाच."

"आणि या बाईंना काय देऊ रे?" बेरिलबाईंनी त्यालाच विचारलं.

त्याच्यापुढं काळसर, जड बिअर आली. एरवी तो सफरचंदाची सायडर सोडून कशाला हात लावत नसे. त्यानं एक घोट घेतला, ओठांवरून जीभ फिरवली आणि म्हणाला, "बरी आहे."

शेकोटीलगत हात असलेली एक लाकडी खुर्ची होती. तिच्यात अमॉस प्रीस नावाचा म्हातारा बसला होता. रोलंडला बघताच तो दोन काठ्यांवर भार देत उठला.

"बस रे बाबा. उबवून ठेवलीय तुझी खुर्ची."

"अहो, नको. बसा तुम्ही."

"हे मानपान कधीपासून?" म्हाताऱ्यानं सगळ्यांकडं बघत विचारलं. "ऑलिव्हनं घराबाहेर काढलं वाटतं आज!"

सगळे हसले. रोलंडही हसला आणि बसला.

परतताना गाडीत दोघांचं हसून पोट दुखलं. "काय मग, नेडराव," हेस्टर म्हणाली, "बायको नवी मिळाली तुम्हाला. आनंद आहे."

"दिसायला कशी आहे ते विचारायचं राहिलं गं."

"नुसतं नाव सांगायचं होतं. जीभ झडली असती?"

"आता जाऊ दे. परत कशाला जातोय आपण तिथं?"

पण पुढच्याच रविवारी त्यानं ॲशबॅचचं नाव काढलं. हेस्टरला लडलोच्या बाजूचा एक मठ बघायचा होता.

"नाही गेलो तर वाईट दिसेल," तो म्हणाला.

"कोणाला? तुला ओळखतं कोण तिथं?"

त्यानं गाडीची किल्ली उचलली. आणि ते गेले.

या वेळी खुर्ची रिकामीच होती. रोलंड सरळ जाऊन तिच्यात बसला. त्यानं काही मागितलं नाही, तरी काळी बिअर आली.

"पाय काय म्हणतोय?" अमॉसनं विचारलं.

"थंडी पडली की धरतो," रोलंड म्हणाला. अडखळला नाही, हेस्टरकडं चोरून बघितलं नाही.

तिनं ग्लास उचलला आणि भिंतीवरचे फोटो बघायला गेली. रस्सीखेचीचा संघ. सुगीची गाडी. बर्फात अडकलेली बस. दाव्याच्या कागदांसोबत आलेले फोटो ती बघायची तसाच एकेक चेहरा तिनं निरखला. रोलंडचा लांबट जबडा, बाहेर आलेले कान कुणाला आहेत का, ते शोधलं. नेड नावाचा त्याच्यासारखा दिसणारा एखादा माणूस सापडला असता तर गोष्ट तिथंच मिटली असती. माणसं फसतात, चेहरे मिळतेजुळते असतात. पण त्या भिंतीवर रोलंडसारखा कुणीच नव्हता. दुरूनसुद्धा नव्हता.

अमॉस बाजूला येऊन उभा राहिला होता.

"हा नेड इथं किती वर्षं येतोय?" तिनं सहज विचारल्यासारखं केलं.

"येतोय?" म्हाताऱ्याला प्रश्नच कळला नाही. "गेला कधी होता तो, बाई?"

बाहेर पडल्यावर रोलंड डावा पाय ओढत चालू लागला. ओढ्यावरचा लाकडी पूल ओलांडल्यावर हेस्टर त्याच्याकडं वळली.

"नाटक पुरे आता. कुणी बघत नाहीये."

"कसलं नाटक?" तो म्हणाला आणि गुडघ्यावर हात ठेवून दम घ्यायला थांबला.

त्यानंतरचे दिवस हेस्टरला नीट सांगता आले नसते. तिच्या कामात ज्याला पुरावा म्हणतात तसं काहीच घडत नव्हतं. रोलंड हसतमुख होता. जेवत होता, झोपत होता. फक्त घरात वावरताना तो अदबशीर झाला होता. न्हाणीघराचं दार उघडं असलं तरी आधी टकटक करायचा. सोफ्यावर टेकण्याआधी तिच्याकडं बघून थांबायचा. चहाचे कप कुठल्या कपाटात असतात ते तो विसरला आणि चुकीचं कपाट उघडल्याबद्दल त्यानं माफी मागितली. तिनं त्याला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी तारीख विचारली, पंतप्रधान विचारले, आकडे उलटे म्हणायला लावले. सगळं बरोबर आलं. पायाच्या एक्स-रेमध्येही काही दिसलं नाही.

एका संध्याकाळी जेवण झाल्यावर त्यानं रुमालाची नीट घडी केली.

"फार छान झालं होतं सगळं," तो म्हणाला. "उगाच त्रास दिला."

हेस्टर रात्रभर जागी होती. शेजारी तो कडेला अंग चोरून झोपला होता, दुसऱ्याच्या घरी झोपावं तसा.

सकाळी तिचं ठरलं. चुकीचा जबाब ज्यानं दिला त्याच्याकडूनच तो दुरुस्त करून घ्यायचा असतो, आणि तोही साक्षीदारांसमोर. ही चूक तिच्या नवऱ्याच्या न बोलण्यानं सुरू झाली होती. ती तिथं जाऊनच सुधारायची. नाहीतर हा माणूस तिच्या हातून जाणार होता. तो कुठं जाणार होता, हे तिला सांगता आलं नसतं. पण जाणार होता.

"ॲशबॅचला जाऊ या?" तिनं विचारलं.

कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा उजळला.

दरीत धुकं साचलं होतं. मेंढ्या दिसत नव्हत्या, नुसत्या खोकत होत्या. पबमध्ये आधीपेक्षा गर्दी होती. बाकांवर जागा नव्हती. खुर्ची तेवढी मोकळी होती. तिच्यापुढच्या टेबलावर भाजलेलं मटण, बटाटे, पुदिन्याची चटणी असं ताट वाढून ठेवलेलं होतं. त्यातून वाफ येत होती.

"बस, नेड. निवतंय बघ," बेरिलबाई म्हणाल्या.

हेस्टर काउंटरपाशी गेली. अशा ठिकाणी कुणी आवाज चढवून बोलत नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली.

"हा नेड नाही. रोलंड थर्लो नाव आहे याचं. माझा नवरा आहे. पहिल्या दिवशी तुमची चूक झाली आणि यानं भिडेपोटी सांगितलं नाही. एवढंच आहे सगळं."

सगळ्यांचे चेहरे तिच्याकडं वळले.

कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माना खाली घातल्या. रस्त्यात अनोळखी बाई घसरून पडली की लोक दुसरीकडं बघतात, तसे ते तिच्यासाठी ओशाळले. अमॉस कुत्र्याचे कान खाजवू लागला.

बेरिलबाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"नेड," त्या हळुवारपणे म्हणाल्या, "या बाई ओळखीच्या आहेत का रे तुझ्या?"

रोलंड खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता.

"सांग," हेस्टर म्हणाली. "एकदाच सांग, रोलंड. तुझं नाव सांग फक्त."

त्यानं बेरिलबाईंकडं पाहिलं. मग हेस्टरकडं. आणि तो हसला.

ते हसू ती ओळखत होती. लग्नसमारंभात कुणीतरी येऊन त्याचा हात हातात घ्यायचं, 'ओळखलंत का?' म्हणायचं, आणि त्याला नाव आठवायचं नाही. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून अशा वेळी तो अगदी असंच हसायचा.

"हो हो," तो म्हणाला. "भेटलोय आपण. कुठं बरं भेटलो होतो?"

हेस्टर वळली. दार तिला दिसत नव्हतं, कुणीतरी बाजूला होऊन दाखवलं.

मागं पाऊल वाजलं. पाय ओढत येणारं. तिच्या आधी हात पुढं करून त्यानं दार उघडून धरलं.

क्षणभर तिला वाटलं, आला.

तो तिच्यासोबत गाडीपर्यंत चालत आला. धुक्यात एकटं जाऊ देणं त्याला बरं वाटलं नसणार.

"लांब जायचंय का तुम्हाला?"

"रोलंड, गाडीत बस."

"मी इथंच राहतो, दोन घरं सोडून." त्यानं टोपी सारखी केली. "ऑलिव्ह वाट बघत असेल. पुढं रस्त्याला वळण आहे, जरा जपून. बाहेरच्या माणसांना अंदाज येत नाही."

किल्ली त्याच्याकडं असायला हवी होती. ती हेस्टरच्या कोटाच्या खिशात निघाली.

तो हात वर करून थांबला, पाहुणे दिसेनासे होईपर्यंत थांबावं तसा.

सकाळी गाडी रोलंडनं चालवली होती. तो तिच्याहून हातभर उंच. त्याच्यानंतर ती चालवायला बसली, की आधी सीट कडकड आवाज करत पुढं ओढावी लागायची, मग आरसा खाली वाकवावा लागायचा. त्याशिवाय तिचे पाय पोचायचे नाहीत.

ती आत बसली. तिचे पाय पोचले.

आरसा तिच्याच डोळ्यांच्या उंचीला लावलेला होता.