हवेच्या पिशवीतला श्वास

ज्याला खोटं वाटेल त्याने मखमलाबादला यावं आणि माझ्या कुसाआत्याचा पाय बघावा. गेल्या जानेवारीत, भर दुपारी, तिच्या पुढच्या खोलीत हे सुरू झालं.

आत्या एकटीच राहते. साखरेच्या आजाराने टाचेला जखम झाली आणि चिघळली. भरली नाही तर पाय काढावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. ड्रेसिंगच्या जोडीला त्यांनी घरी हवेची पिशवी पाठवली. माणसाला आत झोपवायचं, चेन लावायची, पंपाने हवा दाबून भरायची. आत बघायला दोन्ही बाजूंना छोट्या पारदर्शक खिडक्या.

"घाबरू नका, मावशी," पिशवी घेऊन आलेला योगेश म्हणाला. "ही मूळची डोंगरावरची. बर्फात श्वास लागला की माणसाला आत घालायचे. दाब वाढला की शरीराला वाटतं, आपण खाली उतरलो."

आत्या त्याच्याकडे बघतच राहिली.

तिचे यजमान, गोरक्षमामा, फौजेत होते. वीस वर्षांपूर्वी वर बर्फात श्वास लागून गेले. वादळामुळे त्यांना वेळेत खाली आणताच आलं नाही.

चेन लागली. पंप घुमला. आत्याच्या कानांना दडे बसले.

सगळं शांत...

आणि शेजारी कुणीतरी श्वास घेतला.

ओला. घरघरता.

पिशवी तर एकाच माणसाची! मग खोकला आला... ओळखीचा.

ती हळूच कडेला सरकली.

"मावशी, मधे झोपा ना," योगेश रोज म्हणायचा.

"ऱ्हाऊ दे रं. अडचण होती त्यांना."

म्हातारी चळली, असं त्याला वाटलं. पण आत्या इतकी खुशीत मी कधी पाहिली नव्हती. वीस वर्षांनी घरात बोलायला माणूस आलं होतं. रोज तो श्वास जरा मोकळा होत होता. जखमही भरत होती.

टाच भरली. पिशवी देवळा गावातल्या पेशंटकडे न्यायची होती. योगेशने हवा सोडली.

पिशवी बसली... पण एका बाजूला बसेना.

माणसाएवढा उंचवटा. हळूहळू वर-खाली होणारा.

योगेशने हात लावला आणि झटकन मागे घेतला. बर्फगार!

"नको नेऊ," आत्या रडत म्हणाली. "आजून निम्मंच उतरलेत."

त्याने कशीबशी गुंडाळी केली आणि नेली.

आठवड्यात जखम पुन्हा उघडली. डॉक्टरांना कारण कळेना. मी आत्याच्या नखांत सुकलेलं रक्त पाहिलं आणि मान खाली घातली.

पिशवी परत आलीय. या वेळी पाय वाचेल की नाही, कुणी सांगत नाही. मी रागावलो, तर आत्या हसली.

"पायाचं काय घेऊन बसलास? आता थोडंच उतरायचं राह्यलंय."

काल चेन मीच लावली. आत्या कडेला सरकून झोपली होती. तिच्या तोंडापुढची छोटी खिडकी वाफेने धुरकट झाली...

मग पलीकडचीही झाली.